पठारावरचा पाऊस

गोव्यावर वरुणराजाची कृपा काही थोडीथोडकी नाही. पावसाच्या चार महिन्यांत येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही उन्हाळा तापू लागला की गावोगावी टँकरची वाट पाहणे सुरू होते. याला निसर्गाचा कोप म्हणता येणार नाही. हे आमच्या बेफिकिरीचे फळ आहे. मिरच्या, आमसुले, सुके मासे यांचे पुरुमेंत पावसाळ्यासाठी भरून ठेवणारे गोमंतकीय घर उन्हाळ्यासाठी पावसाचे पुरुमेंत मात्र भरीत नाही!

ही बेफिकिरी मोडण्याचा आरंभ कोणी करावा? आमच्या मते तो मान गोवा विद्यापीठाचा आहे. १९८५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ ताळगावच्या पठारावर वसले आहे. तिसवाडीला नळाचे पाणी येते ते दूरच्या ओपा प्रकल्पातून, खांडेपार नदीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ओपाच्या जलवाहिन्या फुटल्या तेव्हा वर धो धो पाऊस पडत असताना तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांतील नळ कित्येक दिवस कोरडे होते. याहून बोलका धडा कोणता हवा?

हिशेब साधा आहे. एक हजार चौरस मीटर छपरावर तीन मीटर पाऊस पडला म्हणजे तीस लाख लिटर पाणी झाले. गळती, बाष्पीभवन आणि छप्पर धुऊन काढणारा पहिला पाऊस यांपायी पाचवा हिस्सा सोडला तरी चोवीस लाख उरतात. दरडोई रोज शंभर लिटर धरल्यास शंभर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची ही २४० दिवसांची बेगमी होय.

एवढे पाणी साठवायचे कोठे, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. तो रास्तच आहे. परंतु पावसाळ्यात टाकी पुन्हा पुन्हा भरते. तेव्हा काही दिवसांपुरती टाकी आणि वाळू-खडीची गाळणी असली तरी शौचालये, धुणे, साफसफाई यांसाठी नळाला हात लावण्याचे फारसे कारण उरत नाही. उन्हाळ्यासाठी मोठी टाकी हवी, तिला खर्च येईल. म्हणून तिचे काम टप्प्याटप्प्याने करावे. राहिलेले पाणी चर आणि शोषखड्डे यांवाटे जमिनीत मुरवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पठाराचा जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यात मुरलेले पाणी फार काळ थांबत नाही. ते उतारावर आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. तेव्हा विद्यापीठाने मुरवलेले सारे पाणी विद्यापीठाच्याच विहिरीत येईल असे नाही. मग हा खटाटोप कशाला? आम्ही म्हणतो, नेमका त्याचसाठी! पायथ्याच्या विहिरी आणि ताळगावच्या वांग्यांचे मळे यांना पठाराच्या पोटातल्या ओलाव्याचा आधार आहे. वर उभी राहणारी प्रत्येक इमारत आणि डांबराची प्रत्येक पट्टी या ओलाव्याची वाट अडवते. शेजाऱ्याचा झरा आटवून उभी राहिलेली विद्या कोणाच्या कामाची?

जुन्यांना हे ठाऊक होते. सतराव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी बांधलेल्या आग्वाद किल्ल्याचे नावच मुळी पाण्यावरून पडले. जहाजांना गोडे पाणी पुरवण्यासाठी तेथे खोदलेले प्रचंड टाके आजही पाहता येते. त्याच आग्वादच्या तुरुंगात गोव्याच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्यांना त्या सत्तेने डांबले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण परक्या सत्तेला आपल्या जहाजांसाठी जी दूरदृष्टी सुचली, ती स्वतंत्र गोमंतकाला आपल्या मुलांसाठी सुचू नये काय?

एखाद्या इमारतीला पन्हळ जोडून आणि फलक लावून हे काम संपणार नाही. आवारातील प्रत्येक छपराचा हिशेब मांडावा. दर मे महिन्यात, घरोघरी कौले शाकारतात त्याच वेळी, पन्हळी आणि गाळण्या साफ व्हाव्यात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पायथ्याच्या विहिरींची पातळी दरवर्षी मोजून ती ग्रामस्थांसमोर ठेवावी. विद्यापीठाने हे करून दाखवले तर शाळा, पंचायती आणि मंदिरे मागोमाग येतील. गोव्याच्या आकाशाने आपले काम केव्हाच केले आहे. आता हात जमिनीवरच्या माणसांनी हलवायचे आहेत.