ढगांआडचा पाहुणा

धूमकेतू शोधण्यास वेधशाळाच हवी असे नाही, हे आम्हांस जपानच्या युजी ह्याकुताके यांच्या उदाहरणावरून पटते. आकाशनिरीक्षण ही त्यांची निव्वळ हौस. काळोखे आकाश लाभावे म्हणून त्यांनी कागोशिमा प्रांती बिऱ्हाड हलविले आणि भल्यामोठ्या जोडदुर्बिणीने ते रात्री जागवू लागले. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांना एक धूमकेतू गवसला. पाच आठवड्यांनी, ३१ जानेवारी १९९६ च्या पहाटे, तोच पुन्हा पाहू जाता ढग आडवे आले. दुर्बीण निरभ्र भागाकडे वळविली, तो तेथे दुसराच अंधूक ठिपका!

असा ठिपका तेजोमेघही असू शकतो. तो नकाशात नसेल आणि काही वेळाच्या अंतराने घेतलेल्या दोन छायाचित्रांत ताऱ्यांमधून सरकलेला दिसेल, तरच तो धूमकेतू मानावा.

२५ मार्च १९९६ रोजी हा पाहुणा पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरांवर आला व नुसत्या डोळ्यांनी लोकांनी त्याचे लांबलचक पुच्छ पाहिले. ह्याकुताके २००२ मध्ये, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी निवर्तले. ढग पाहून ते त्या पहाटे माघारी फिरले नाहीत, हेच आमच्या तरुण वाचकांनी ध्यानी धरावे.