पांढरा डाग कशाचा?

नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर घ्या किंवा दुसरे कोणतेही गाव. मुलाच्या अंगावर फिकट डाग दिसला की आपण चटकन 'कोड' म्हणून मोकळे होतो. पण डागाडागांत फरक असतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, कारण तेथे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. शिबे बुरशीमुळे होते; खरवडल्यास बारीक कोंडा निघतो. कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा लालसर असतो. तो सहसा खाजत नाही, दुखतही नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेले त्याचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि डाग बधिर होतो.

मुलाला डोळे मिटायला सांगून डागावर कापसाचे टोक हलकेच टेकवू. जागा बोटाने दाखवता आली नाही, तर त्याला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊ. स्पर्श कळला, पण डाग जात नसेल, तरीही डॉक्टरांना दाखवू. निदान त्यांनीच करायचे. औषध मोफत मिळते आणि उपचार साधारण ६ ते १२ महिने चालतात. उशीर झाला तर जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

आणि कोड मुळीच संसर्गजन्य नाही. अशा मुलाला वेगळ्या बाकावर बसवायचे कारणच काय?