खुर्चीखालचा तो गोळा कुणाचा? विडो कोळ्याची अंड्यांची पिशवी अशी ओळखा

अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि खालच्या कडेला वाटाण्यापेक्षा जरा मोठा, पांढरट गोळा लटकलेला दिसला, तर? अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियात हा प्रश्न अनेकांना पडतो. ‘ब्लॅक विडो’ हा विषारी कोळी तिथे आधीपासूनच होता. २००३ च्या सुमारास ‘ब्राऊन विडो’ही दिसू लागला आणि ओळखण्याचा घोळ वाढला.

ब्लॅक विडो म्हणजे काळाकुळीत अंग आणि पोटाखाली लाल डमरू, असं आपण ऐकलेलं असतं. पण हे वर्णन पूर्ण वाढलेल्या मादीचं. तिची पिल्लं तपकिरी, पट्टेरी असतात, म्हणजे थेट ब्राऊन विडोसारखी! डमरू ब्राऊन विडोलाही असतो, फक्त बऱ्याचदा नारिंगी. त्यामुळे नुसत्या फोटोवरून भलेभले फसतात.

अंड्यांची पिशवी मात्र सहसा फसवत नाही. ब्राऊन विडोची पिशवी गोल, साधारण एक सेंटीमीटरची, पिवळसर पांढरी असते आणि तिच्यावर सगळीकडून रेशमाची बारीक टोकं बाहेर आलेली असतात. धोत्र्याचं फळ अगदी लहान केलं तर कसं दिसेल, तशी. एक मादी आयुष्यात वीसेक पिशव्या करू शकते आणि एकेका पिशवीत शंभराहून जास्त अंडी असतात. म्हणूनच एकाच जाळ्यात असे चार-पाच काटेरी गोळे सापडतात.

कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक विडोची पिशवी गुळगुळीत, थेंबासारखी वर निमुळती आणि कागदासारखी चिवट असते. पण गुळगुळीत दिसली की ब्लॅक विडोच, असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या ‘रेडबॅक’ची पिशवीही गुळगुळीत आणि गोल असते. विडोसारख्याच दिसणाऱ्या ‘फॉल्स विडो’ची पिशवी कापसाच्या बोळ्यासारखी सैल असते, आतली अंडीही दिसतात.

हा फरक कळणं कामाचं आहे. ब्लॅक विडो चावल्यास स्नायूंत जोराचे पेटके येऊ शकतात. ब्राऊन विडोच्या चाव्याचा त्रास बहुतेक वेळा चावलेल्या जागेपुरता राहतो. तरी कोणताही विडो चावल्याची शंका आली तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

ब्राऊन विडोची भारतातली नोंदही २००७ साली प्रसिद्ध झाली आहे. काटेरी पिशवी दिसलीच तर उघड्या हाताने ओढू नका, मादी जवळच दबा धरून असते. जाड हातमोजे घालून काडीने काढा आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत टाका. गोळ्याला बारीक भोक दिसत असेल, तर पिल्लं आधीच बाहेर पडलेली असतात.