समुद्रावरच्या विमानाची चौकशी कोण करते?

मुंबईहून नैरोबीला निघालेले विमान रायगडचा किनारा मागे पडला की पुढे कितीतरी वेळ फक्त अरबी समुद्रावरून उडत राहते. खाली गाव नाही, विमानतळ नाही, रडार नाही. तरीही त्याची खबरबात ठेवण्याची जबाबदारी त्या सगळ्या वेळात कोणा ना कोणावर असते. ती कशी वाटलेली आहे, हे आपण त्या विमानाच्याच वाटेने पाहू.

आधी नकाशा. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे ‘इकाओ’, उभी राहिली. तिच्या व्यवस्थेत जगाचे आकाश उड्डाण माहिती क्षेत्रांत विभागले आहे. विमान वाहतुकीतली माणसे त्याला ‘एफआयआर’ म्हणतात. पोलीस ठाण्यातल्या एफआयआरशी त्याचा संबंध नाही. गावातला प्रत्येक गुंठा जसा कुठल्या ना कुठल्या तलाठ्याच्या सजेत येतो, तसा समुद्रावरच्या आकाशाचा तुकडाही कुठल्या तरी क्षेत्रात येतो.

भारताकडे अशी चार क्षेत्रे आहेत: मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. गुवाहाटीचे एक उपक्षेत्र वेगळे. रायगडचे आकाश मुंबईच्या क्षेत्रात येते. ही सेवा भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. मुंबईचे क्षेत्र अरबी समुद्रात दूरवर पसरले आहे आणि कराची, मस्कत, मोगादिशू, माले हे त्याचे शेजारी आहेत.

इथे एक गैरसमज हमखास होतो. क्षेत्राची हद्द म्हणजे देशाची हद्द, असे आपण धरून चालतो. भारताचे सार्वभौमत्व किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या आकाशावर आहे. त्यापलीकडे खुला समुद्र. तिथल्या आकाशावर भारताची मालकी नाही, पण तिथून जाणाऱ्या विमानाला माहिती पुरवणे आणि गरज पडल्यास त्याच्यासाठी मदत हलवणे हे भारताचे कर्तव्य आहे.

आता उड्डाण. निघण्यापूर्वी विमानाचा उड्डाण आराखडा दाखल होतो. त्यात मार्ग, उंची, इंधन किती तास पुरेल आणि कुठल्या क्षेत्राची हद्द उड्डाणानंतर किती वेळाने येईल, हे सगळे लिहिलेले असते. विमान सुटायला अर्ध्या तासाहून जास्त उशीर होणार असेल, तर आराखडा सुधारून कळवावा लागतो. ते राहून गेले तर पुढची केंद्रे भलत्याच वेळी विमानाची वाट पाहत बसतात.

धावपट्टीवर आणि विमानतळाच्या अगदी जवळ टॉवरचा शब्द चालतो. विमान वर चढू लागले की ते ॲप्रोच नियंत्रकाकडे जाते आणि आणखी उंच गेले की क्षेत्र नियंत्रण केंद्राकडे. इथवर रडारवर ते दिसत असते आणि आवाजही स्वच्छ असतो.

खरी कसोटी त्यानंतर लागते. नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ साधारण सरळ रेषेत चालतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे ३५ हजार फुटांवरच्या विमानालाही त्याचा पल्ला ४०० किलोमीटरच्या आसपासच मिळतो. त्यापुढे एचएफ रेडिओ वापरतात. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूर पोहोचतात, पण खरखर फार. आज बऱ्याच विमानांतून उपग्रहामार्फत लेखी संदेशही जातात. माध्यम कुठलेही असो, वैमानिक ठरलेल्या बिंदूंवर कळवतो: मी अमुक ठिकाणी, इतक्या वाजता, इतक्या उंचीवर, पुढच्या बिंदूवर अमुक वाजता पोहोचेन. हे शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण विमान गप्प झाले तर कोणत्या वेळेपासून काळजी करायची, हे त्यावरूनच कळते.

मग येते हद्द. मुंबईचा नियंत्रक मोगादिशूला विमानाची अपेक्षित वेळ आणि उंची आधीच कळवतो, मोगादिशू ती स्वीकारते आणि त्यानंतर वैमानिकाला संपर्क बदलायला सांगितले जाते. सर्वांत जास्त जपण्याची जागा हीच. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच ३७० अशाच हद्दीवर हरवले. क्वालालंपूरने वैमानिकाला पुढे हो ची मिन्हशी बोलायला सांगितले होते. वैमानिकांचे शेवटचे शब्द रात्री १.१९ चे, आणि ‘विमान अजून आमच्याकडे आले नाही’ अशी हो ची मिन्हची विचारणा १.३९ ची. पहिली वीस मिनिटे तिथेच गेली.

हद्दीपलीकडे मिळणारी सेवा तीच असेल, असेही नाही. उड्डाण माहिती सेवा म्हणजे हवामान, धोके, जवळपासची विमाने यांची माहिती, निर्णय वैमानिकाचा. नियंत्रण सेवेत दोन विमानांमधले अंतर राखण्याची जबाबदारी नियंत्रकाची असते. सोमालियातले सरकार कोसळल्यावर मोगादिशूच्या क्षेत्रात सुमारे ३० वर्षे फक्त माहिती सेवा उरली होती. वैमानिक ठरलेल्या लहरीवर आपली जागा स्वतःच जाहीर करत जात, म्हणजे आसपासच्या विमानांना कळावे. जानेवारी २०२३ मध्ये तिथे पुन्हा नियंत्रण सुरू झाले.

आणि विमान बोललेच नाही तर? अपेक्षित निरोपाची वेळ टळून ३० मिनिटे झाली की पहिला टप्पा जाहीर होतो, अनिश्चिततेचा. इतर केंद्रांकडे, इतर विमानांकडे चौकशी होते. त्यातूनही पत्ता लागला नाही तर सावधगिरीचा टप्पा, आणि इंधन संपल्याची वेळ आली किंवा अपघाताची शक्यता दिसली तर संकटाचा. लक्षणे गंभीर असतील तर पहिल्या पायऱ्यांसाठी थांबत नाहीत. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून तेलक्षेत्राकडे निघालेल्या पवनहंसच्या हेलिकॉप्टरचा संपर्क काही मिनिटांतच तुटला आणि तटरक्षक दल व नौदल समुद्रात शोधाला लागले. आतले सातही जण वाचले नाहीत. मुंबईच्या समुद्रातल्या तेलफलाटांकडे अशी हेलिकॉप्टरे नेहमी जात असतात आणि कमी उंचीमुळे त्यांचा रेडिओचा पल्ला मोठ्या विमानांपेक्षा बराच तोकडा असतो. म्हणून तिथे वेळेवर निरोप देण्याला फार महत्त्व आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी समुद्रात विमान किंवा हेलिकॉप्टर कोसळताना पाहिले, तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. ठिकाण आणि वेळ नीट सांगावी; शोधाची सुरुवात तिथून होते.

शेवटी जमिनीलगतचे आकाश. क्षेत्र जमिनीपासूनच सुरू होते, त्यामुळे अलिबाग-नागावच्या लग्नात उडणारा ड्रोनही त्यातच असतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट होते, आणि ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच नियंत्रकाची परवानगी लागते. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पनवेल-उलवे भागाची गणिते बदलली. तेव्हा ड्रोनवाल्याने गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये; त्या दिवशीचा नकाशा डिजिटल स्काय पोर्टलवर पाहूनच ड्रोन पिशवीतून बाहेर काढावा.