पेटीची किल्ली

मुंबईतल्या पोरांना 'डोंगरी' म्हटलं की एकच अर्थ कळतो : रिमांड होम. उमरखाडीचं हे निरीक्षणगृह मुळात तुरुंग. कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर इथेच होते. शिक्षा चार महिन्यांची, सुटका १०१ दिवसांनी. आगरकरांनी या दिवसांवर पुस्तक लिहिलं तेव्हा हा आकडा थेट नावातच घातला.

पुढे १९२४ चा मुंबईचा बालक कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि या तुरुंगात कैद्यांच्या जागी मुलं आली. या मुलांपाशी मात्र आगरकरांसारखा आकडा नसतो. निरीक्षणगृह ही शिक्षेची जागा नव्हे, चौकशी चालू असेपर्यंत थांबायची जागा. बाल न्याय मंडळापुढची एक तारीख, मग पुढची. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं या तारखांना वेसण घातली आहे : मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपवायची, मंडळाच्या अधिकारात फार तर आणखी दोन महिने. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तेवढ्यातही आटपली नाही, तर प्रकरणच बंद. टिळक-आगरकरांची जी अख्खी शिक्षा, ती इथे नुसती चौकशीची मुदत.

शिस्त म्हटलं की डोळ्यांपुढे येते घंटा, रांग, हजेरी. या कायद्याखालच्या नियमांत तेही आहे : व्यायाम, शाळा, हातकाम, खेळ, प्रार्थना यांचं वेळापत्रक, तेही मुलांना दिसेल असं लावलेलं. पण कायदा नीट वाचला तर शिस्तीचा खरा बडगा मोठ्यांवर आहे. मुलाला पोलीस कोठडीत ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे न्यायचं. 'वळण लावायला' हात उगारणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी कलम ८२ आहे : पहिल्यांदा १० हजार रुपये दंड, पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दोषी ठरला तर नोकरी जाऊ शकते आणि पुढे मुलांबरोबर थेट काम करायलाही बंदी.

एवढी कलमं लागतात, कारण धाक स्वस्त असतो. एक कुलूप, एक आवाज, एक थप्पड, की खोली गप्प. मुलाशी बोलायला, त्याच्या घरी जाऊन यायला, त्याचं बिनसलं कुठे ते समजून घ्यायला परिवीक्षा अधिकाऱ्याला वेळ द्यावा लागतो. धाकानं गप्प झालेलं मूल सुधारलं असं नसतं. ते फक्त पुढच्या संधीची वाट पाहत असतं.

या धाकाविरुद्ध २०१६ च्या आदर्श नियमांत एक साधी वस्तू सांगितली आहे : मुलांसाठी सूचनापेटी. ती कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ लावायची. किल्ली अधीक्षकाकडे नसते, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असते. जुन्या तुरुंगात सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात असत. तुरुंगाचं गृह झालं की नाही, हे पाहायचं तर एवढंच विचारावं : या पेटीची किल्ली त्या जुडग्यातून खरंच बाहेर आली आहे का?