कलकत्त्याच्या ढालीचा सामना

इ. स. १९११ च्या जुलै महिन्यांत लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते. वंगभंगास सहा वर्षें होत आलीं होतीं, आणि स्वदेशीची पहिली लाट दडपशाहीखालीं ओसरली होती. अशा वेळीं कलकत्त्यास अकरा बंगाली तरुणांनीं एका गोऱ्या पलटणीस फुटबॉलमध्यें हरविलें. आतां, चेंडूच्या खेळाचें एवढें काय, असें वाचकांपैकीं कोणी विचारील. त्यास उत्तर आहे.

बंगाली मनुष्य दुबळा, हा शेरा मेकॉलेपासूनचा. सरकारनें ठरविलेल्या 'लढाऊ जातीं'च्या यादींत त्याला जागा नव्हती. तेव्हां तलवारीच्या जागीं त्यानें चेंडू जवळ केला. १८८९ सालीं मोहन बागान क्लब निघाला. १८९२ त शोभाबाजार क्लबानें ट्रेड्स कपच्या सामन्यांत ईस्ट सरे पलटणीस पाडाव दिला. पुढील वर्षापासून इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या ढालीचे सामने सुरू झाले. परंतु ती ढाल अठरा वर्षें गोऱ्यांच्याच हातांत फिरत राहिली.

१९११ च्या हंगामांत मोहन बागाननें सेंट झेवियर्स, कलकत्ता रेंजर्स आणि रायफल ब्रिगेड यांना एकामागून एक बाजूस सारलें. मिडलसेक्स पलटणीशीं पहिला सामना बरोबरींत सुटला, दुसरा तीन गोलांनीं जिंकला. संघांत कॉलेजांतले विद्यार्थी होते, नोकरदार होते. खेळावर पोट भरणारा एकहि नव्हता. नायक शिवदास भादुरी डाव्या बगलेवर खेळे, आणि आंतल्या बाजूस त्याचा भाऊ विजयदास. अकरांपैकीं बूट एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत होते. बाकीचे दहाहि जण अनवाणी. कोरड्या मैदानावर उघडा पाय चपळ चालतो, चेंडू बोटांशीं खेळवितां येतो. परंतु जुलैचा कलकत्ता म्हणजे पाऊस! ओल्या गवतावर उघडा पाय घसरतो, आणि शिपायाचा खिळ्यांचा बूट तोच पाय चिरडतो. हें सर्व ठाऊक असून ते उतरत. मुलाचा गुडघा फुटला म्हणजे त्याचें खेळणेंच बंद करणाऱ्या आमच्या पालकांनीं हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

२९ जुलै, शनिवार. अंतिम सामना ईस्ट यॉर्कशायर पलटणीशीं होता. आगगाड्यांनीं व बोटींनीं बाहेरगांवचे लोक लोटले. गर्दी साठ हजारांपासून लाखापर्यंत सांगतात. बहुतेकांना चेंडू दिसलाच नाहीं. त्यांच्यासाठीं गोलांची बातमी पतंग उडवून कळविली जाई. पहिला पतंग पलटणीच्या बाजूचा चढला; सार्जंट जॅक्सननें गोल केला होता. वेळ संपत आली असतां शिवदासनें बरोबरी साधली, आणि शेवटच्या कांहीं मिनिटांत अभिलाष घोषनें दुसरा गोल मारला.

योगायोग असा कीं, त्याच उन्हाळ्यांत आपले पळवणकर बाळू हिंदी क्रिकेट-संघाबरोबर इंग्लंडांत होते व तेथें त्यांनीं शंभरांहून अधिक बळी मिळविले. परक्या मैदानावर साहेबाला चकविणाऱ्या या गोलंदाजाला घरीं मात्र आपल्याच धर्मबांधवांनीं पंक्तीस बसविलें नव्हतें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

डिसेंबरांत दिल्ली दरबारीं वंगभंग रद्द झाला. ढालीमुळेंच सरकार नमलें असें म्हणणारे भोळे होत. त्याच घोषणेनें राजधानीहि कलकत्त्याहून दिल्लीस नेली गेली, हें ते विसरतात. खेळाच्या कारभारांतहि फारसा पालट झाला नाहीं. लीगच्या पहिल्या वर्गांत मोहन बागान १९१५ त आला, तोहि दोनच हिंदी संघ घ्यावयाचे या नियमाखालीं. १९२३ सालीं तो मुंबईस रोव्हर्स चषकासाठीं आला आणि अंतिम सामन्यांत डरहॅम पलटणीकडून हरला. कलकत्त्याची ढाल हिंदी संघाकडे पुन्हा आली ती १९३६ त, मोहामेडन स्पोर्टिंगनें ती जिंकली तेव्हां. मोहन बागानला तिच्यासाठीं १९४७ पर्यंत थांबावें लागलें.