उपास आणि उपासमार

गेल्या महिन्यात मी पाच दिवस केवळ फळांच्या व भाज्यांच्या रसावर राहिलो. संकल्प तडीस गेल्याचा जो अभिमान सहाव्या दिवशी सकाळी वाटला, तो आता बराचसा ओसरला आहे. तो का ओसरला, हे वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण रसाहाराचे आकर्षण शहरी मध्यमवर्गात वाढते आहे आणि त्यासोबत काही गैरसमजही रूढ होत आहेत.

निमित्त साधे होते. वजन वाढले होते आणि एका सहकाऱ्याचा आग्रह होता. दिवसाला सहा पेले रस ठरला: सकाळी मोसंबी, मग गाजर-बीट, दुपारी दुधी, असा क्रम. पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागले. त्याचे बरेचसे श्रेय बंद झालेल्या चहाला द्यावे लागेल. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातील फोडणीच्या वासानेही चिडचीड होऊ लागली. चौथ्या दिवशी मात्र अनुभवी लोक ज्याचे वर्णन करतात तो हलकेपणा जाणवला. सहाव्या दिवशी मुगाच्या मऊ खिचडीचा पहिला घास घेतला, तेव्हा मिठाची आणि तुपाची चव जणू नव्याने कळली.

लाभ काय झाला? वजन अडीच किलो उतरले; त्यातील दोन किलो पंधरवड्यात परत आले. यात नवल नाही. शरीरातील शर्करेचा साठा आपल्यासोबत सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो, आणि पहिल्या दिवसांत घटते ते मुख्यतः हेच वजन. रसाहाराने शरीरातील विषारी द्रव्ये धुऊन निघतात, या समजुतीलाही आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे वर्षभर विनातक्रार करीत असतात. उलट, रस गाळताना फळातील चोथा आपण फेकून देतो. मधुमेह्यांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून या वाटेला जाऊच नये. मला खरा लाभ झाला तो एवढाच की, आपण कितीदा भुकेसाठी नव्हे, तर घड्याळासाठी जेवतो, हे ध्यानात आले.

अर्थशास्त्राच्या सवयीने मी या पाच दिवसांचा जमाखर्चही मांडला. खर्च तेराशे रुपयांच्या घरात गेला आणि त्यातून रोज सुमारे पाचशे उष्मांक मिळाले. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य गटातील व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, अर्थात पावणेसहाशेच्या आगेमागे उष्मांक. पुण्याच्या वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा माणशी दिवसाला २,२५० उष्मांक ही कसोटी मानली होती. त्या कसोटीने पाहिले तर हे धान्य म्हणजे गरजेचा जेमतेम चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से मजुरीतून यावयाचे. आणि मजुरी मिळेलच याची हमी नसते. ज्या भुकेला मी 'संकल्प' म्हणत होतो, तिच्या बरोबरीचे अन्न एखाद्याच्या वाट्याला हक्काचे म्हणून येते, हा विचार अस्वस्थ करणारा होता.

तिसऱ्या दिवशीच्या तासाला योगायोगाने दारिद्र्यरेषा हाच विषय होता. तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बरे नाही का?" मी कारण सांगितले. तो संकोचून हसला आणि म्हणाला, "मी एकच वेळची खानावळ लावली आहे, सर. सकाळचे चहा-बिस्किटावर निभते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सवय होते, हे मात्र खरे." खोलीभाडे आणि पुस्तके यांतून जे उरते त्यात दोन वेळचे जेवण बसत नाही, हा त्याचा हिशेब माझ्या हिशेबाहून अधिक चोख होता. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. त्यापुढे विद्यार्थी जेवतो की नाही, हे आमच्या हजेरीपटावर कुठेच नोंदले जात नाही.

उपास आणि उपासमार हे शब्द आपल्या भाषेत एका मुळाचे आहेत. अनुभव मात्र परस्परांपासून फार दूरचे. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्यात पुढे पाण्यात मोसंबीचा थोडा रस घेतला. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, तेथे धान्याच्या तुटीपेक्षा ते मिळवण्याची लोकांची ऐपत कोसळणे हे अधिक निर्णायक कारण होते. उपास करणारा आणि उपाशी असणारा यांच्या पोटात अन्न सारखेच कमी असेल. परंतु पहिल्यापुढे खाण्याचा पर्याय असतो, दुसऱ्यापुढे तो नसतो. हा भेदही सेन यांनीच स्पष्ट केला आहे.

मी वर्गात हा भेद अनेक वर्षे शिकवीत आलो. तो मला नीट समजला तो आईच्या बोलण्यातून. १९७२ च्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती आणि आजीबरोबर खडी फोडायला जात असे. चौथ्या दिवशी मी हलकेपणाचे वर्णन करू लागलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अरे, परवा जेवायचे आहे हे तुला ठाऊक आहे. आम्हांला उद्या कामावर सुकडी मिळेल की नाही, हेच ठाऊक नसायचे." आयुष्यभर एकादशी पाळणारी ही बाई उपासाची निंदा करीत नव्हती. एकादशीच्या घरी शिवरात्र आली म्हणजे काय होते, ते तिने पाहिले होते, एवढेच.

रसाहार कोणी करू नये, असे माझे म्हणणे नाही. प्रकृतीला मानवत असेल तर अवश्य करावा. पण त्याला तपश्चर्या समजू नये, आणि त्यातून भुकेल्यांची भूक आपल्याला कळली, असे तर मुळीच मानू नये. पुढच्या जेवणाची तारीख ज्याच्या हाती आहे, त्याला भुकेचा अर्धाच भाग भेटतो. महाविद्यालयांनी मात्र एक गोष्ट करता येण्याजोगी आहे: दुपारचे स्वस्त जेवण आवारातच उपलब्ध करून द्यावे, आणि ज्याला तेही परवडत नाही त्याची सोय गाजावाजा न करता करावी. आमच्या प्राध्यापकांच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. पंधरा वर्षांच्या अध्यापनात 'दुपारी काय खातोस?' असे मी एकाही विद्यार्थ्याला विचारले नव्हते. ते सुचायला मला स्वतःला पाच दिवस न जेवता राहावे लागले.